कांडी संपल्याची खूण

बाबा, गेल्या शनिवारी मी कॉलेजातून निवृत्त झाले. आज सकाळी गळ्यात शिट्टी न अडकवता चहा प्यायले आणि चक्क दुसरा कपही घेतला. एकतीस वर्षं मुलींची बास्केटबॉल टीम सांभाळली. आता कोणाच्या मामाला, आजीला जाऊन पटवायचं नाही की मुलगी चड्डीत नाही, ट्रॅकपँटमध्ये खेळेल आणि दिवेलागणीच्या आत घरी येईल. आमचं कॉलेज केवढंसं, ते तुम्ही पाहिलंच होतं. मागच्या बाजूला सिमेंटचं मैदान, एका बास्केटला जाळी, दुसरीला नुसतीच कडी. एवढ्या वर्षांत आम्ही एकदाच ढाल जिंकली. पण मोकळं वाटण्याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते तुमच्याशीच बोलायला हवं.

आपल्या घरात कोणी हळू बोललेलं मला आठवत नाही. जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करून तुमचे कान गेले होते, म्हणून आई ओरडायची, मी ओरडायचे, पाहुणाही दोन दिवसांत ओरडायला शिकायचा. आईने मीठ मागितलं की शेजारची काकू वाटी घेऊन यायची. मला वाटायचं, माणसं अशीच बोलतात. नोकरी लागल्यावर मी मैदानावरही तशीच बोलायला लागले. पहिल्या वर्षी चौदा मुली आल्या, दिवाळीनंतर सहा उरल्या. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी म्हणायचे की हल्लीच्या मुलीच नाजूक.

मग तुम्ही मॅच बघायला आलात. एकदाच आलात. सकाळची शिफ्ट संपवून टेमघरच्या कारखान्यातून थेट. केसांत कापसाचा भुरा, शर्टाला तेलाचे डाग. कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभे आहात, मला अजून दिसता. प्राचार्य माझ्या शेजारी बसलेत, इस्त्रीचा सफारी घालून. ते विचारतात, "ते कोण हो?" आणि मी म्हणते, "आमच्या गावाकडचे आहेत." आपण दोघंही कोन गावचे, तेव्हा तसं बघितलं तर खोटंही नव्हतं. मॅच आम्ही सणसणीत हरलो.

घरी आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "मना ऐकू येत न्हाय म्हनून तुमी वरडता. त्या पोरींना येतंय ना?" मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच माझ्यासमोर येऊन बसलात आणि काही न बोलता हात वर केलात. चिमूट हवेत झटकली: सुताची कांडी संपली, दुसरी लाव. तळवा खाली दाबला: हळू घे. मिशीला पीळ दिला: शेठ आला, सांभाळा. कारखान्याच्या खडखडाटात तुम्ही सगळे असेच बोलायचात. शेवटी म्हणालात, "आदी तिच्या नजरेत ये. मंग हात उचल." मी अजून रागातच होते, पण हसू आलं.

त्याच खुणा मी मुलींना शिकवल्या. दमलेली मुलगी आता स्वतःच चिमूट झटकायची, मी तिच्या जागी दुसरी पाठवायचे. समोरच्या टीमची उंच पोरगी बॉल घेऊन निघाली की आमच्या पाचही जणी मिशीला पीळ द्यायच्या, आणि समोरच्या कोच बाई डोळे फाडून बघत राहायच्या. मुली सोडून जायच्या थांबल्या. कोणी विचारलं, हे कुठे शिकलात, तर मी सांगायचे, एका शिबिरात. तुमचं नाव घेतलं असतं तर प्राचार्यांनी विचारलं असतं, म्हणजे ते कुंपणाजवळचे का? पुढे प्राचार्य बदलले, तुम्हीही गेलात, पण शिबिराची थाप चालूच राहिली. मनात एकच भीती होती. लूमवरची माणसं ओठ वाचतात, अर्धे दिसले तरी. त्या दिवशी माझे ओठ तुम्ही वाचले असतील का? विचारायची हिंमत झाली नाही, आणि नंतर विचारायला तुम्ही नव्हतात.

शनिवारच्या समारंभात नव्या प्राचार्यांनी त्याच खुणांचं कौतुक केलं. मॅडमची स्वतःची पद्धत, म्हणाले. मी माईकपाशी उभी राहिले. मागच्या रांगेत आमच्या कॅप्टन मुलीचे आजोबा बसले होते, जुने लूम कामगार. त्यांनी हसत हात वर केला आणि चिमूट झटकली. कांडी संपली. मला हसूही आलं आणि रडूही. मग मी सगळं सांगून टाकलं. खुणा माझ्या बाबांच्या आहेत, शिबिर-बिबिर काही नव्हतं, आणि बाबा मॅचला आले तेव्हा मी त्यांना गावाकडचे कोणीतरी म्हणाले होते. मग एकेका मुलीने मिशीला पीळ दिला.

नंतर ते आजोबा जवळ आले. "बेटी, मैं तेरे बाप के साथ एक ही शिफ्ट में था. मॅच के दूसरे दिन वो काम छोडके सबको बता रहा था." त्यांनी हवेत बॉल आपटला, दोन-तीनदा, मग तळवा छातीवर ठेवला. "इतनाच. मतलब, मेरी बेटी." बाबा, मी तिथेच खुर्चीवर बसून रडले, आणि असं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तुम्ही पाहिलं नसेल, किंवा पाहूनही दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तेच सांगितलं असेल. दोन्हींपैकी काहीही असो, मला चालेल.

हे पत्र शिट्टीबरोबर कपाटात जाईल. माईकवर एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. त्या दिवशी मी प्राचार्यांना उत्तर दिलं तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, आणि तुम्हाला ओठ दिसू नयेत म्हणून मी आधी तोंड फिरवलं होतं.