रजनीच्या ऑर्किडची पानं

५ जानेवारी
सकाळी रश्मीचा पुण्याहून फोन. दोन फेब्रुवारीला आईच्या वर्षश्राद्धाला येतेय. आईचं ऑर्किड कसं आहे, विचारलं. फर्स्ट क्लास, म्हणालो. तर म्हणे, एवढं एक झाड नीट ठेवून दाखवलंत तर राहा खुशाल एकटे सुरतेत. नाहीतर फ्लॅट बंद, पुण्याला चला. अट मान्य केली. बँकेच्या ऑडिटमध्ये जन्म काढलेल्या माणसाला झाडाची धमकी!

फोन ठेवल्यावर पाहिलं. खालचं पान देठापाशी तपकिरी पडलंय.

संकल्प : कारण शोधणे. श्राद्धाच्या आत कळी आणणे.

नेहमीप्रमाणे दोन कप चहा. एक माझा, एक रजनीच्या फोटोपुढे. तिच्या कपात डबल आलं, मी रोज तसाच करून द्यायचो, तिला आवडायचं. फोटोपुढे ठेवलेलं सिंकमध्ये कसं ओतणार? गार झाल्यावर झाडाच्या मुळाशी. वर्षभराचा नियम, एक दिवस चुकवलेला नाही.

८ जानेवारी
पहिला संशयित : ऊन. कुंडी खिडकीतून काढून फोटोखाली ठेवली. समोरचे भूपेंद्रभाई पोंक, म्हणजे इथला हुरडा, द्यायला आले होते. पान चिमटीत धरून म्हणाले, साहेब, पाणी वधारे पडे छे. पाणी जास्त होतंय, हे मला! रविवारी एक वाटी पाणी, तेही मापून. पोंक चांगला होता, म्हणून काही बोललो नाही.

११ जानेवारी
कुंडीत बोट घातलं. ओलं! रविवारनंतर मी पाण्याचा थेंब घातलेला नाही. कामाच्या मालतीबाईंना झाडाला हात लावायची बंदी आहे. मग पाणी घालतं कोण?

आणि त्या कोपऱ्यात वास येतो. आलं, गवती चहा. रजनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर यायची, तोच वास. अंगावर सरसरून काटा आला. माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. हॉलमधला दिवा दिवसासुद्धा चालू ठेवलाय.

१४ जानेवारी, उत्तरायण
अख्खी सोसायटी गच्चीवर पतंग उडवतेय. मी पहाऱ्यावर.

मालतीबाई केर काढताना कोपऱ्यापाशी थबकल्या. नाकाला पदर लावला आणि अहिराणीत पुटपुटल्या, बाई आठेच शे, म्हणजे इथेच आहे. तिथला केर न काढता नवागामला घरी निघून गेल्या. बाईमाणूस, घाबरट. मी त्यांच्यासोबत लिफ्टपर्यंत गेलो, ते केवळ सौजन्य म्हणून.

परत येऊन पाहतो तर मुंग्यांची रांग. थेट कुंडीत शिरत होती. दुसरंही पान गेलं. आता शंका नाही. रजनी रागावली आहे.

निर्णय : तिला आजपासून संध्याकाळीही चहा. साखर जास्त.

२० जानेवारी
तिसरं पान. चहा मोठ्या मगमधून देतोय, तरी फरक नाही.

आज फोटोशी सरळ बोललो. म्हटलं, रजनी, कशाचा राग? रामेश्वरची यात्रा राहिली त्याचा? तुझे गुडघे दुखायचे ते मला खरंच कळलं नाही गं, तू बोलायचीच नाहीस. की पाण्यावरून ओरडायचो त्याचा? मी खाली पेपर आणायला गेलो की ही सिंकचा नळ धो धो सोडून ठेवायची. मी दारातूनच ओरडायचो, बंद कर, पाणी वाया जातंय. रोज. ती रोज हसायची.

हॉस्पिटलमध्ये म्हणाली होती, ऑर्किडकडे बघाल ना? मी म्हटलं होतं, काळजीच सोड. बघतोय गं. दुसरं काय करतोय मी?

हल्ली सकाळी पेपर घेऊन वर येताना नळाचा आवाज आल्यासारखा वाटतो. आत जाऊन पाहतो तर सिंक कोरडं.

२७ जानेवारी
वास आता आंबट झालाय. म्हणजे राग वाढलाय. उद्यापासून चहात वेलचीही.

१ फेब्रुवारी
उद्या रश्मी. योजना : तपकिरी बाजू भिंतीकडे फिरवणे. फिरवली. दुसरीही तपकिरीच निघाली. नवी योजना : झाड विश्रांती घेतंय, असं सांगणे.

२ फेब्रुवारी
श्राद्ध व्यवस्थित पार पडलं. भटजी गेले. रश्मी सरळ कोपऱ्यात गेली, वास घेतला आणि कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. मुळांचा काळा लगदा, त्यात चहाचा चोथा, मुंग्या.

विचारलं, बाबा, यात काय ओतता? काहीच नाही, म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. म्हटलं, काही नाही गं, फक्त आईचा चहा.

ती वर्तमानपत्राशेजारीच बसली. आधी खूप हसली. मग रडायलाच लागली. मग म्हणाली, बाबा, आल्याने आईला ॲसिडिटी व्हायची. तुम्ही पेपरला खाली गेलात की ती तुम्ही केलेला चहा सिंकमध्ये ओतायची. तुम्हाला कळू नये म्हणून नळ सोडून. इतक्या हौसेने करतात, कशाला मन मोडा, म्हणायची.

मी म्हटलं, शक्यच नाही.

एक मूळ हिरवं निघालं, करंगळीएवढं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. माझं तिकीट पुढच्या रविवारचं काढलंय. अट मीच मान्य केलेली होती.

३ फेब्रुवारी
रश्मी पहाटेच्या गाडीने गेली. मालतीबाईंनी कोपरा फिनेलने पुसला. आता कसलाच वास नाही. सारखा जाऊन बघतोय.

सवयीने दोन कप चहा झाला. डबल आलं. फोटोपुढे ठेवला, गार झाला. कुंडी नाही.

सिंकमध्ये ओतला. नळ सोडला, मोठा. बराच वेळ चालू ठेवला.

कोणी ओरडलं नाही.