रिकामं गेलेलं यान

चौक, वैशाख, १९८६

प्रिय शकू,

पूजेचा खर्च मांडून बसलो होतो. शिरा, केळीचे खांब, मांडव, जनरेटरचं डिझेल. रात्री मांडवात व्हिडिओ दाखवला, त्याचं भाडं चांगोनं घेतलंच नाही. वाटलं होतं त्यापेक्षा स्वस्तात पडलं, असं मी चार जणांना सांगूनही टाकलं. मग सकाळी बघतो तर चूल थंड. पहिल्या एसटीनं तू कळंबला आत्याकडे निघून गेली होतीस. तेव्हा कळलं सत्यनारायण केवढ्याला पडला ते.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. एका पत्र्याखाली चहाची किटली घेऊन बसलो होतो, आज मुंबई-पुणे रस्त्यावर सहदेवचा ढाबा कुणाला माहीत नाही, हे मी येईल त्याला ऐकवतो. कानांचा तर मला गर्वच. खालापूरकडून येणारा ट्रक कुणाचा, ते नुसत्या गिअरच्या आवाजावर सांगतो. ड्रायव्हरांकडून पंजाबी उचलली, मद्राशीही उचलली. म्हणून चांगो जेव्हा म्हणाला, "दादा, पोराबाळांसंगं बसून बघावा असा चित्रांचा शिनेमा हाय, खोपोलीच्या कारखान्यातला जपानी साहेब जाताना देऊन गेला, पन भाषा कुनाला कळंल?" तेव्हा मीच माईक मागून घेतला. म्हटलं, सांगतो मराठीत, त्यात काय!

सुरुवात छान झाली होती. आपल्यासारखीच भाताची खाचरं, त्यात वरून यान येऊन पडतं, आतून ती मुलगी निघते. तिचा तारा विझलेला. त्याचा उरलासुरला उजेड काचेच्या डबीत घालून तिनं गळ्यात बांधलेला. गावातला सायकलवाला पोरगा तिचं यान दुरुस्त करायला घेतो. मी त्याच्या तोंडी आपली बोली घातली, "काय गं, तुमच्या ताऱ्याव पंक्चर कोन काढतो?" तर गौराबाईनं हसून हसून पदर तोंडाला लावला. तो रोज हत्यारं घेऊन यायचा, ती त्याला भात वाढायची, बोलणं फारसं नाहीच. त्या वेळी माझं लक्ष तुझ्याकडे गेलं. तू टीव्हीकडे बघतच नव्हतीस. जनरेटरपाशी चांगो उभा होता, तिकडे बघत होतीस.

मला ते नवीन नव्हतं, शकू. चांगोची जीप ढाब्यावर वळली की मागं पाट्यावर तुझा वरवंटा थांबायचा. मी ते कधीपासून ऐकत होतो, आणि ऐकलंच नाही असं दाखवत होतो.

शेवटी यान तयार झालं. ती मुलगी दारात उभी राहून त्या पोराशी बराच वेळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण माईक हातात होता. मी म्हणालो, "ती म्हणते, माझा तारा विझला, आता त्याच्या आठवणीवर जन्म काढायचा. मला माझ्या भावाच्या घरी जाऊ दे." मी बोलतोय तोवर ती खाली उतरली, डबी उघडून तो उजेड तिनं खाचरात सोडला आणि यान आपलं आपण वर निघून गेलं. गोमा ओरडला, "अवं दादा, यान तर रिकामंच गेलं की!" अख्खा मांडव हसला. मला ते सोसलं नाही. माईकवरच म्हणालो, "ताऱ्यावरच्या बायांना लाज नसंल, आमच्या घरातल्या विधवेला आहे."

तू उठलीस. चांगोनं जनरेटर बंद केला. अंधारात तुझी वहिनी तेवढी बोलली, "जपानी येतं व्हय तुमाला? पाठच्या बहिनीचं मराठी तर कळंना!"

परवा कशेळ्याला चांगोकडे गेलो. माफी मागितली, आणि म्हटलं, ती कॅसेट परत लाव. या खेपेला गप्प बसून बघितली. तेव्हा दिसलं, त्या पोरानं तिला एकदाही अडवलेलं नाही. ती जाईल हे माहीत असून शेवटचा बोल्ट त्यानंच आवळला. आणि मी? दाजी गेल्यावर तुला घरी आणली, चुलीपुढं बसवली, आणि गावात मिरवलं की बहिणीला सांभाळतो. मांडवात नाव अब्रूचं घेतलं, पण पोटात एकच गोष्ट होती: शकू गेली तर रस्सा कोण करणार? हे लिहिताना तुझी वहिनी समोर बसली आहे, तिच्याकडेही बघवत नाही.

चांगोला मी लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, "तुमी देताय म्हनून मी तिला न्यायचो नाय, दादा. तिनं हो म्हनलं पायजे." म्हणून हे पत्र. तुझं हो असेल तर लग्न माझ्या दारात लावीन. माझ्या दारात पाय ठेवायचा नसेल तर कळंबला, आत्याच्या अंगणात. नाही असेल तर तेही तूच सांग, मी मध्ये बोलणार नाही. माईकवर बोललो ते माईकवरच परत घेईन, त्याच माणसांपुढं. ढाब्यावर परत ये, असं मात्र म्हणणार नाही. काल नेहमीचा सरदारजी थांबला होता. पातेल्यात डोकावला आणि न जेवताच निघाला. क्लीनरशी बोलला ते माझ्या कानावर आलं. या रस्त्यावरचे ड्रायव्हर आपल्या जागेला सहदेवचा ढाबा म्हणत नाहीत. बहनजीचा ढाबा म्हणतात.

तुझाच,
दादा