तलावाच्या मताची वाटणी

मी, अश्विन सुखराम नान्हे, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत आणि पुढचं रस्त्यावर, पूर्ण शुद्धीत, कालच्या लग्नातली जिलेबी अजून पोटात असताना हे लिहून ठेवतो. उद्या मित्र भूपेशच्या ट्रकवर क्लीनर म्हणून सफरचंदं आणायला काश्मीरला निघतोय. तिथले घाट मोबाईलवर पाहिले. म्हणून हे मृत्युपत्र.

१. बाबांचा डोंगा बहीण गुड्डीला. तिने तो पाण्यात घालावा, नुसत्या सेल्फीसाठी बांधून ठेवू नये.

२. आजी रुखमिणीची मासे विकायची टोपली चंद्रकुमार काकांना, एका दिवसापुरती. काका आमच्या मासेमार सोसायटीचे अध्यक्ष. देशाच्या पहिल्याच निवडणुकीत आजीने मत टाकलं होतं. शाईचं बोट गावभर मिरवलं, आठवडाभर त्या बोटाने भाजीत मीठसुद्धा घातलं नाही म्हणे. (भाजी अळणी नव्हती, दुसरी बोटं होती.) तीच आजी पुढे सोसायटीच्या सभेत गेली, तर काका म्हणाले, "घरटी एकच मत, अन् ते माणसाचं."

आजी म्हणाली, "दिल्लीच्या सरकाराले माह्यं मत चालते, तुमच्या तलावाले काहून चालत नाही गा?"

काकांनी टोपली डोक्यावर घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात मासे विकावेत. मग बोलावं.

३. बाबांमागे सोसायटीतलं मत माझ्याकडे आलं. मासे आई विकते, जाळं आई शिवते, मतदार मात्र मी. येत्या रविवारी ठराव आहे: घरातल्या बाईलाही मत. दोन्ही बाजू सारख्या, गाडी माझ्या एका हातावर अडलीय, अन् मी तेव्हा ट्रकवर असणार. म्हणून माझं मत मी माझ्यामागे आई रेवताबाईला देतो.

भूपेशने इथवर मोठ्याने वाचलं. आई जाळं टाकून उठली.

"म्हणजे मतासाठी मी तुह्या मरनाची वाट पाहू काय रे?"

"आई, कायद्यात तसंच..."

"रविवारी हात वर कर, मंग कुठी बी जाऊन मर!"

भूपेश म्हणाला, "काकू, ट्रक सोमवारी काढतो. सफरचंदं काही पळून नाही जाऊन राहिले."

४. सबब कलम तीन रद्द. हे मृत्युपत्र सोमवारपासून लागू. रविवारची सभा संपेपर्यंत मी मरणार नाही, डोंग्यात उभा राहून नाचणार नाही, जिलेबीही बेताने खाईन, असं लिहून देतो. त्यानंतर मेलोच तर रडू नये. घरात एक मत शिल्लक असेल.

सही: अश्विन सुखराम नान्हे

साक्षीदार:
भूपेश शेंडे, ट्रकवाला
रेवताबाई सुखराम नान्हे (मत वारशाने घ्यायला नकार दिल्याने आता साक्षीदार म्हणून चालते)

ठिकाण: दिघोरीजवळ, तलावाची पाळ
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार