दिपालीच्या मांडवातले टेकू

पुसेगाव,
११ मे २००२

प्रिय प्रभूदादा,

कलीमभाई दुकानाचा माल भरायला नांदेडला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. पोस्टाच्या भरवशावर राहिले तर तुला ते मिळेपर्यंत आपली दिपाली सासरी नांदायला लागलेली असेल. धाकट्या बहिणीच्या लग्नालाही तू येणार नाहीस, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. आई तेवढी तुझा फेटा काढून उन्हात घालते आणि पुन्हा घडी करून ठेवते.

पंगत पक्क्या छताखालीच बसवायची म्हणून आबांनी हट्टानं समोर स्लॅब टाकला. वाळू उशिरा आली, स्लॅब उशिरा पडला, आणि लग्नाची तारीख काही कोणासाठी थांबत नाही. त्यातून आमचं शहाणपण बघ. वर पाणी साठवायला आळी केली होती, ती पद्माकाकूनं फोडून टाकली. लग्नाच्या कुरडया-पापड वाळवायला एवढी स्वच्छ जागा पुन्हा कुठे मिळायची! कुरडया खणखणीत वाळल्या आणि स्लॅबही तसाच वाळला. आबा वर जाऊन टाच आपटतात आणि म्हणतात, दगड झालाय दगड, आता काहून भ्यायचं?

आमचे हे नेहमी म्हणायचे, वाळणं वेगळं आणि पिकणं वेगळं. पाणी पाजल्याशिवाय काँक्रीटच्या अंगात जोर येत नाही, आणि जोर येईपर्यंत त्याचा सगळा भार टेकूंवरच असतो. मी आबांना ते सांगायला गेले, तर म्हणाले, नरसिंगचं नशीब खोटं व्हतं, त्याचं भेव लगनघरात आणू नको. विधवा लेकीनं तोंड उघडलं की अपशकुन! सेंट्रिंगवाल्याला त्याच्या स्लॅबखालच्या प्लेटा कळमनुरीच्या कामावर न्यायच्यात, म्हणून तोही मान डोलावतो. सोमवारी टेकू निघणार. बुधवारी खाली पंगत बसणार, आणि वर आचाऱ्याच्या चुली, कढया, पाण्याची पिंपं.

शेवटी मी दिपालीच्या कानात सांगितलं, मधल्या टेकूलाच मांडवाची मेढ कर. मेढ लग्न लागेपर्यंत कोणी हलवत नाही. पोरीनं हट्ट धरला, आंब्याचा डहाळा बांधला, हळद लावली. मला त्याला हात लावायची सोय नाही, मी लांबून बघत होते. आबा हसून म्हणाले, ठीक हाय, येवढा एक राहू दे, बाकीचे काढा. झालं! एका टेकूवर काय राहणार, दादा? ज्या जागी आई रांगोळी काढते, तिथं मला भलतंच दिसतं. आता कोणाच्या पाया पडू, सांग.

जवळा बाजारला कोसळलेल्या त्या स्लॅबखालून यांना तूच बाहेर काढलंस. त्यानंतर थापी हातात धरली नाहीस आणि गावातही राहिला नाहीस. आम्हाला एवढंच म्हणालास की लगेच गेले, तकलीफ झाली नाही. मी मान हलवली. पण तुझ्या बोटांची नखं उचकटलेली मी पाहिली होती. गेलेल्या माणसासाठी कोणी इतकं उकरत नाही. तुला लग्नाला ये म्हणत नाही मी. सोमवारच्या आत ये आणि आबांना खरं सांग. हे आतून किती वेळ बोलत होते, काय बोलत होते, सगळं सांग. तू सांगत असशील तोवर मी विहिरीवर जाऊन बसेन. मला मात्र सांगू नकोस.

तुझीच,
शिवकन्या