ओट्याखालचा मासा

आई, आमच्या घरात आता मासे आहेत. खायचे नव्हे, बघायचे. तू गेलीस तेव्हा हे अजून सातपूरला कंपनीत शिफ्टला जायचे. निवृत्त झाले आणि हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आणून ठेवली, आणि तिच्यात सगळ्या दुकानातला सर्वांत कुरूप मासा सोडला. त्याला सकर म्हणतात, कॅटफिशचीच एक जात. काळपट रंग, अंगावर खवल्यांऐवजी कडक कवच, तोंड खालच्या बाजूला, दिवसभर काचेला चिकटून बसणार. ह्यांचा सगळा जीव त्याच्यावर. सकाळी स्वतःच्या चहाआधी त्याला काकडीची चकती. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "जावईबापू लय शांत माणूस, त्यांना बोलणारं जनावर नकोच असंल."

आता ते खरोखरच बोलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत बोलणंही गेलं. एकच शब्द उरलाय, चला. तहान लागली तरी चला, पाय दुखला तरी चला. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढा बाहेर येत नाही. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते. ग्लास समोर धरून म्हणते, "काका, म्हणा, पाणी." हे ओठ जुळवतात, कपाळावरची शीर फुगते, आणि बाहेर येतं, "चला." ती म्हणते, "छान, काका." तेवढ्यात मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघतं.

टाकी धुणं हे त्यांचं काम होतं, ते माझ्याकडे आलं. थंडी सुरू झाली होती. मी त्यांची चाकांची खुर्ची टाकीजवळ आणून ठेवली आणि सकरला जाळीत घेतलं. तो घाबरला, त्याने दोन्ही पर ताठ केले. ह्या माशाच्या पराला पुढच्या बाजूला काटा असतो हे मला कुठे माहीत? काटा जाळीत रुतला. मी सोडवायला ओढलं, तो आणखी गुंतला, आणखी ओढलं तर पर फाटला आणि पोटाजवळची कातडी सोलून लाल झाली. मागून ह्यांचं सुरू झालं, "चला! चला!" डावा हात टाकीकडे, मग माझ्याकडे, मग परत टाकीकडे.

मी धावत जाऊन तुझी कात्री आणली. ती अजून आहे माझ्याकडे. लग्नात तू ती रुमालात बांधून माझ्या हातात ठेवलीस तेव्हा सासरच्या बायका हसल्या होत्या, मुलीला कात्री कोण देतं म्हणून. त्यांनी तुला कात्री चालवताना पाहिलंच नव्हतं. पिंपळगावचं द्राक्षं भरायचं पॅकहाऊस आहे, माझी शाळा सुटलेली, मी तुझ्या शेजारी उभी. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने घड साफ करतायत. तू घड देठाला धरून उजेडात फिरवतेस आणि बाकीच्या मण्यांना धक्का न लावता एकच खराब मणी अलगद कापून काढतेस. मी हौसेने एक घड तळहातावर घेते आणि माझ्या मनगटावर तुझा फटका बसतो. "हात नको लावू मण्याला! वरची पांढरी पूड जाती. देठाला धर." सगळ्या बायकांसमोर. मी रुसून दुपारची भाकरी खात नाही, आणि तू मला मनवायलाही येत नाहीस.

त्याच कात्रीने मी जाळीचा एकेक धागा कापला. हात ओले करून, श्वास धरून. पण माशाला देठ नसतो ना, आई. धरायचं तर अंगालाच धरावं लागतं. माझ्या तळहातात तो कडक, गार जीव थरथरत होता, आणि मागे आवाज चढतच होता, "चला, चला, चला." मासा सुटला तसं मी त्याला पाण्याच्या टबात ठेवलं आणि ह्यांच्याकडे वळले. काय हवंय तुम्हाला? दिवा बंद करू? त्यांनी मान हलवली, नाही. मोटर लावू? नाही. पाणी गार आहे का? औषध आहे का कुठे? दुकानदाराला फोन करू? नाही, नाही. डाव्या हाताने ते हवेत काहीतरी दाखवत होते, गोल, परत गोल. मी झाकण दाखवलं, पातेलं दाखवलं, बादली दाखवली. शेवटी त्यांनी हात मांडीवर टाकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. ते काय सांगत होते ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुकानदाराला मी फोन केलाच. "मीठ टाकू का?" म्हणून विचारलं, कुणीतरी कधीतरी तसं सांगितलेलं.

"नको काकू, ह्या माशाला मीठ झेपत नाही. टबात हिटर ठेवा, हवेची नळी सोडा, रोज थोडं पाणी काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला आणि अंधार ठेवा. हात लावू नका. बाकी मग त्याचं तो."

म्हणजे करण्यासारखं काहीच नाही. मी टब ओट्याखाली सरकवला, वर जुना टॉवेल टाकला. रोज सकाळी हे मला खुर्ची ढकलायला लावून स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि विचारतात, "चला?" हे विचारणं मात्र मला कळतं. मी वाकून टॉवेल उचलते. मासा तळाशी पडलेला, जखमेवर कापसासारखं पांढरं काहीतरी, फक्त कल्ले हलताना दिसतात. "आहे," मी म्हणते, "श्वास चालू आहे." मग आम्ही दोघं चहा पितो. एकदा कल्लेही दिसेनात. मी कितीतरी वेळ तशीच वाकून राहिले, मागे वळून त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मग एक कल्ला उघडला.

दिवस असेच जात राहिले. ती बोलायला शिकवणारी मुलगी येत होती, "काका, म्हणा, पाणी," होत होतं. पांढरं हळूहळू झडलं आणि खालून गुलाबी कातडी दिसली. फाटलेल्या पराच्या कडेला काचेसारखी पातळ नवी झालर आली. एका सकाळी टबातली काकडी मधोमध कोरलेली सापडली, नुसतं साल उरलेलं. मी आता जाळी वापरत नाही. मोठ्या वाडग्यात पाण्यासकट घेऊन त्याला टाकीत सोडलं. त्याने एक गिरकी घेतली आणि जाऊन नेहमीच्या काचेला चिकटला. ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला, तोंडभर हसले, डोळ्यांत पाणी. "चला!" म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या.

तू असतीस तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं. तुला वाचता यायचं नाही, तू ते शेजारच्या काकूंकडून वाचून घेतलं असतंस, आणि ही पुढची ओळ त्यांच्या तोंडून तुझ्या कानावर गेलेली मला चालली नसती. त्याचा फाटलेला पर परत आला आणि ह्यांचं "पाणी" नाही, म्हणून टाळ्या वाजवताना मला त्या माशाचा हेवा वाटत होता, आई. इतका, की क्षणभर वाटलं, मेला असता तर बरं झालं असतं.