नोंदणी क्रमांकाची पाटी

मंगळवार, संध्याकाळ

पेंटरने पाटीवर माझ्या नावापेक्षा नोंदणी क्रमांकच मोठा रंगवला. हा अपमान मी येथे विधिवत नोंदवून ठेवतो. जमिनीच्या दलालीची सरकारी नोंदणी सक्तीची झाली म्हणून फी भरली, पन्नाशीत परीक्षाही दिली. आणि आज शेंद्र्याचे दगडूमामा, ज्यांचे दोन प्लॉट मीच विकून दिले, ती पाटी बघून दारातच थबकले.

"पंडितजी, तुम्ही तर सरकारी झाले! आता रोखीचंही सगळं कागदावर येणार. आपला बिनपाटीवाला दलालच बरा."

"मामा, नंबर माझ्यावर पडलाय, तुमच्यावर नाय."

हसले, पण चहाही न घेता गेले. या महिन्यात पाटी बघून परत गेलेलं हे चौथं गिऱ्हाईक. पाटी उतरवू? क्रमांक लावणं तर सक्तीचं. फी गेली, जाऊ दे. आधी संस्कृत शिकवायचो, त्यानं पोट भरलं नाही आणि दलालीवाचून मला दुसरं काही येत नाही. भीती वाटते.