रविवारी न उडणारे बदक

४ नोव्हेंबर
या रोजनिशीत एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. पक्ष्यांचा इन्फ्लूएंझा एका देशातून दुसऱ्या देशात रानपक्षी नेतात; माणसाचा व्यापार नेत नाही. प्रतिज्ञा स्वच्छ मांडली की निम्मे काम होते.
पाच देशांच्या संयुक्त संशोधन प्रकल्पात आमच्या देशाचा समन्वयक मी. निवृत्तीनंतर मुद्दाम बोलावून नेमलेला. आज तळ्यावर सात रानबदकांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून त्यांना सोडले. सौरऊर्जेवर चालतो, ठिकाण आणि तापमान कळवतो. वर क्रमांक आणि ऑफिसचा फोन नंबर कोरला आहे, सापडल्यास कळवावे म्हणून. गरज पडणार नाही.
संकल्प: रोज सकाळी नकाशा पाहणे. कोणावरही न चिडणे.
— प्रमुख समन्वयक

१२ नोव्हेंबर
सहा बदके तळ्यावरच बसून खातात. ध्येयशून्य. क्रमांक सात मात्र दोनतीन दिवस गप्प होते, ते आज एकदम हायवेवर, खूप लांब. हे माझे बदक.
आकडेबाई (आमच्या संख्याशास्त्रज्ञ. बरीच वर्षे माझ्या हाताखाली, तरी संशयी) म्हणाल्या, सर, ते रस्त्यावरून चाललंय. मी समजावले की पक्षी नदी, किनारा अशा रेषांच्या आधाराने उडतात. हायवे ही रेषाच. त्या म्हणाल्या, अहो, वळणावर वळतंय, टोलनाक्यावर थांबतंय. मी म्हणालो, म्हणजे हुशार आहे. त्या म्हणाल्या, आपल्यापेक्षा असेल.
चिडलो नाही. दार जोरात लागले ते वाऱ्याने.

१९ नोव्हेंबर, दुपार
फोन. मागे इंजिनची घरघर. कोणी ड्रायव्हर. म्हणाला, साहेब, तुमचा एक बिल्ला... मी तिथेच थांबवले. हे आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे ऑफिस आहे, बिल्ले आणि ओळखपत्रांची चौकशी खालच्या मजल्यावर, आणि जे असेल ते लेखी कळवावे. तो म्हणाला, बरं, मग राहू दे माझ्याकडंच.
लोकांना कामे नाहीत.

२६ नोव्हेंबर
पाच देशांची व्हिडिओ बैठक. शेजारच्या देशाच्या डॉक्टरीणबाई फार गोड बोलतात, त्यामुळे सावध असतो. म्हणाल्या, तुमचे सातवे बदक सीमा ओलांडते ती फक्त चेकपोस्टवरून, आणि तिथे तास-दोन तास थांबते. कागदपत्रे दाखवते का? चार देश हसले. माइक बंद असल्याने नुसते दात दिसले. पुढे म्हणाल्या, रविवारी ते हलतसुद्धा नाही. मी म्हणालो, विश्रांतीचे चक्र हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.
मग मी हुकमी पत्ता टाकला. तापमान. भर दुपारी बावन्न अंश. म्हणजे बदकाला ताप आहे. आजारी आहे आणि तरीही प्रवास करते आहे. याहून बळकट पुरावा कोणता?
आकडेबाई पुटपुटल्या, सर, बावन्न अंशाला बदक आजारी नसतं, मेलेलं असतं.
आमचा माइक चालू होता.

३ डिसेंबर
क्रमांक सात जिथे जिथे थांबले त्यांतल्या दोन गावांत कोंबड्या पटापट मेल्या. दोन देशांच्या लॅबनी विषाणू ताडून पाहिला. एकच. घटना अर्थातच दुःखद. पण प्रतिज्ञा सिद्ध होत आली. संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी शीळ घातली.
डॉक्टरीणबाईंचे म्हणणे उलट. कोंबड्या नेणाऱ्या गाड्या पंधरवडाभर थांबवा, पिंजरे आणि चाके धुऊन घ्या. असा संयुक्त आदेश काढायला पाचही समन्वयकांच्या सह्या लागतात. चार झाल्या. मी माझी राखून ठेवली. सही करणे म्हणजे रोग गाडीने जातो हे मान्य करणे. त्याऐवजी पाण्याच्या टाक्यांवर जाळ्या बसवण्याबाबत सविस्तर टिपण पाठवतो आहे.
आकडेबाई म्हणाल्या, सर, सही करून टाका, वाद मागाहून घाला. मी म्हणालो, हाताखालच्यांनी घाई करू नये. त्या म्हणाल्या, हाताखाली नाही, समोर उभी आहे, आणि तुमच्याकडे पेन नसेल तर देते.

८ डिसेंबर, रविवार
बदक विश्रांती घेत आहे. मीही.

१० डिसेंबर
धाकट्या बहिणीचा फोन. तिची अंड्यांच्या कोंबड्यांची शेड आहे. नवरा गेल्यावर हिमतीने उभी केली. दोन्ही मुली त्याच शेडच्या जोरावर शिकताहेत.
म्हणाली, दादा, म्हाताऱ्या कोंबड्या न्यायला परवा व्यापाऱ्याची गाडी येणार आहे. रोग आलाय म्हणतात. गाडी आत घेऊ, की फाटकाशीच थांबवू? मी तिला अनुमान पायरीपायरीने समजावू लागलो. ती म्हणाली, दादा, दूध उतू जातंय, घेऊ की नको तेवढं सांग.
म्हणालो, खुशाल घे. फक्त टाकीवर जाळी बसव. धोका वरून आहे.
म्हणाली, तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असणार.
जगात ही एकटीच माझे ऐकते.

१२ डिसेंबर
विलक्षण. क्रमांक सात आज थेट धाकटीच्या शेडवर. ताबडतोब फोन केला, बाहेर जा आणि आकाशात बघ. गेली. म्हणाली, कावळासुद्धा नाही रे. अंगणात गाडी उभी आहे फक्त, पिंजरे उतरवताहेत. मी म्हणालो, गाडीकडे नको, वर बघ. म्हणाली, बघतेय, मान दुखायला लागली.
बदक बहुधा ढगाआड होते.

१७ डिसेंबर
धाकटीचा फोन. सकाळपासून कोंबड्या माना टाकताहेत. काय करू, विचारत होती.
काय करायचे असते ते मी पाच देशांना शिकवले आहे. तिला मात्र जाळी तपास, म्हणालो.

१८ डिसेंबर
सही केली. आकडेबाईंनी पेन पुढे केले, एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

२० डिसेंबर
आदेश लागू झाला. पाचही देशांत कोंबड्यांच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.
क्रमांक सातही थांबले. आज रविवार नाही.
नकाशा बराच वेळ पाहिला. कदाचित दमले असेल.

२२ डिसेंबर, रविवार
धाकटीकडे गेलो. पांढऱ्या पोशाखातली माणसे काल संध्याकाळीच सगळे संपवून गेली होती. जमिनीवर चुना. बाहेरच्यांना आत जायला मनाई, म्हणून ती फाटकाच्या आत आणि मी बाहेर. कोंबड्यांचा एवढा कलकलाट असायचा की आम्ही ओरडून बोलायचो. आज दोघेही सवयीने ओरडलो आणि मग दोघांनीही आवाज खाली आणला.
म्हणाली, तू सांगितलं होतंस तरी त्या दिवशी फाटक उघडताना हात कचरत होता. पण ड्रायव्हरच्या आरशाला एक बिल्ला लोंबत होता बघ, सात आकडा आणि खाली तुझ्या ऑफिसचा फोन. म्हटलं, दादाच्याच ओळखीची गाडी. मग काय, घेतली आत.
 पुढे म्हणाली, जाळी मात्र छान बसली होती हं दादा. एक पाखरू आत आलं नाही.

रात्री रोजनिशी पहिल्या पानापासून वाचून काढली. प्रतिज्ञा स्वच्छ आहे, मांडणी क्रमवार आहे, भाषेत दोष नाही. चूक एकच, ती येथे नोंदवतो. तिने विचारले होते, गाडी आत घेऊ का. मी म्हणालो, घे.
— तिचा दादा